अमावस्येला आम्ही नसू

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री
खारी न्हाणीत, बादलीच्या मागे बसली होती.
सहा तास.
मी पाटावर बसून तिचे कान दाबून धरले
आणि सहकारनगरची अख्खी दिवाळी
माझ्या हातांच्या पाठीवर फुटत राहिली.

तेव्हाच ठरलं.

यंदा कोजागिरी झाली तशी वही काढली.
पहिल्या पानावर लिहिलं: गड नको.
गडावर माणसं असतात,
माणसांच्या पाठीवर स्पीकर असतो,
आणि तो दम लागला म्हणून कधी थांबत नाही.
नसरापूरवरून आत, वेल्ह्याच्या अलीकडे
एक पठार आहे. नाव सांगणार नाही.
वीस वर्षांपूर्वी वाट चुकून तिथं पोचले होते,
आता मुद्दाम चुकायचंय.

पठाराखालच्या वाडीत ज्ञानोबा रेणुसे.
नंबर दूधवाल्याच्या मेव्हण्याकडून मिळाला.
"बांधाशी तंबू टाकला तर चालेल?"
"टाका की."
"कुत्री आहे सोबत."
"चावती का?"
"नाही. घाबरते."
पलीकडे जरा वेळ नुसती म्हैस ऐकू आली.
मग म्हणाले, "रातच्याला आत घ्या तिला.
बिबट्याला कुत्रं लई आवडतं."

म्हणजे इथं सुतळी बॉम्ब, तिथं बिबट्या.
बिबट्या निदान आवाज करत नाही,
असं वहीत लिहिलं, खोडलं,
आणि खाली पुन्हा लिहिलं.

चढ दीड तासाचा. आम्हाला तीन लागतील.
तिचा उजवा खुबा, माझा डावा गुडघा;
दोघी मिळून एक धड जनावर होतो.
स्टीलचा वाडगा नको, खडखडतो,
श्रीखंडाचा रिकामा डबा बरा.
गोचिडांची पावडर, जुनी सतरंजी,
आणि तिच्या नावाला जागण्यापुरती
बेकरीतली खारी, पाव किलो.
झऱ्याला पाणी आहे का, हे विचारायचं राहिलंय.

आईचा फोन:
"लक्ष्मी दारात यायची आणि घराला कुलूप?"
म्हटलं, उंबऱ्यापाशी पणती असेल,
किल्ली सुलभा खळदकरांकडे.
लक्ष्मीला घाई नसेल तर बसेल त्यांच्याकडे,
चकली चांगली करतात त्या.
आई हसली नाही. पण ठेवताना म्हणाली,
"तिला स्वेटर घे. वर गार असतं."
तिला म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही.

काल रेणुशांनी आपणहून फोन केला.
"ताई, एक विचारायचं राह्यलं.
पोरं दोन फुलबाज्या लावत्यात अंगणात.
आवाज न्हाई होत. जरा चुरचुरत्यात.
तेवढं चालंल न्हवं तिला?"

मला लगेच बोलताच आलं नाही.
ह्या सोसायटीत अकरा वर्षं काढली,
इथं कुणी कधी विचारलं नव्हतं.
चालेल, म्हटलं. दोन काय, चार लावा.

आज सरावाला तंबू हॉलमध्ये उभा केला.
एक काठी टीव्हीला लागते, दार फ्रिजकडे उघडतं.
खारीने लांबूनच वास घेतला, शिंकली,
आणि गॅलरीत जाऊन पाठ करून बसली.
तिची काही तयारी दिसत नव्हती.

साडेसातला खालच्या गल्लीत कुणीतरी
एकच लवंगी लावली. दिवाळी अजून आठ दिवस लांब.
ती उठली, नखं फरशीवर घसरली,
न्हाणीच्या दारापर्यंत गेली, थांबली,
आणि वळून सरळ तंबूत.
तीन गिरक्या. मग माझ्याच बाजूला आडवी.

मीही वाकून आत गेले, चेन ओढली.
निळ्या कापडातून ट्यूबलाइट
कुठल्या तरी भलत्याच ग्रहाच्या चंद्रासारखी दिसत होती.
तिची बरगडी माझ्या गुडघ्याला लागून
वर, खाली. हळूहळू हळू झाली.

स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली.
मग चौथी.
आम्ही कुणीच उठलो नाही.